एमएस्सी फायनान्शियल इकॉनॉमिक्स : कुणी केलंय का? नक्की काय असतं?

सुताची_गाठ | रविवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी इचलकरंजीची. टीवायबीकॉमचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे. पप्पांचा सुताचा व्यापार आहे. गिरण्यांकडून सूत घ्यायचं आणि यंत्रमागवाल्यांना उधारीवर द्यायचं. घरात सध्या जेवताना एकच विषय, हिचं पुढं काय. मामा म्हणतो एमबीए. क्लासचे सर म्हणतात सीएफए, ती गुंतवणुकीवाल्यांची परीक्षा. मला मात्र कॉलेजच्या नोटिस बोर्डावर एमएस्सी फायनान्शियल इकॉनॉमिक्सची जाहिरात दिसली आणि तेव्हापासून ते डोक्यातून जाईना. पप्पांचं म्हणणं, "बाजार शिकायला पुण्याला जाऊन फी कशाला भरायची? इथं दुकानात बस, मी पगार देतो."

म्हणजे हे एमबीए फायनान्सच आहे का, फक्त नाव वेगळं? शेअर बाजार शिकवतात का? पुढे नोकरी कसली मिळते?

आणि खरी भीती शेवटी लिहिते. दहावीनंतर मी गणित सोडलं. अकरावी-बारावीला गणिताऐवजी एसपी, म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, घेतलं होतं. हसू नका.

---

कांदेपोहे_स्पेशल | रविवार, रात्री ९:५८

वाचतोय. माझ्या भाच्यालाही हेच विचारायचं होतं.

---

बुल_अँड_भेळ | रविवार, रात्री १०:२०

ताई, स्पष्ट सांगतो. एमबीए करा, प्लेसमेंट घ्या, मोकळे व्हा. बाजार शिकायचा असेल तर डिमॅट उघडा. मी आठ वर्षं ट्रेडिंग करतोय. सीएपीएमसारखी पुस्तकी सूत्रं वाचून श्रीमंत झालेला माणूस अजून बघितला नाही.

---

तीनशून्य | रविवार, रात्री ११:४७

मी केलंय. सध्या मुंबईत एका बँकेच्या रिस्क विभागात आहे. मोठा प्रतिसाद होणार, झोप येत असेल तर उद्या वाचा.

आधी एसपीचं. कुणी हसत नाहीये, कारण आमच्या वर्गात निम्मे तुझ्यासारखेच होते. पण खोटा धीर देणार नाही. पहिल्या सेमिस्टरला फायनान्सचं नखही दिसत नाही. मायक्रो, मॅक्रो, गणित, संख्याशास्त्र. लाग्रांज, मॅट्रिक्स, आयगेन व्हॅल्यू, प्रोबॅबिलिटी. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर एक ग्राहक, दोन वस्तू आणि एक बजेट मांडलं आणि त्या ग्राहकाला सुखी करताना आम्ही सगळे दुःखी झालो. पहिल्या चाचणीत मला तीसपैकी नऊ. बीकॉमला मी वर्गात दुसरा होतो, हे सांगायचं राहिलं.

तेव्हा एमबीएचं नवं नाव अजिबात नाही. एमबीएत कंपनी कशी चालवायची, ताळेबंद कसा वाचायचा, पैसे कुठून उभे करायचे हे शिकवतात. इथे प्रश्न एक पायरी मागे असतो : ही किंमत मुळात अशी का आहे? एका शेअरला वर्षाला सरासरी १४ टक्के मिळतात आणि मुदत ठेवीला ७, तर हे वरचे ७ कशाचे? धोक्याचे म्हणावं, तर कुठल्या धोक्याचे? मार्कोविट्झ या अर्थशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये दाखवलं की एकेका शेअरचा धोका सुटा मोजून भागत नाही, तो बाकीच्यांबरोबर कसा हलतो ते बघावं लागतं. त्यावर शार्पने १९६४ मध्ये इमारत चढवली. सीएपीएम ती हीच. भेळवाले दादा म्हणतात ते खरं आहे, तिने कुणी श्रीमंत होत नाही. पण धोका विकत घेताना त्याचा मोबदला मिळतोय की फुकट घेतोय, एवढं विचारायची सवय लागते.

आता एक प्रसंग. दुसऱ्या सेमिस्टरला इकॉनोमेट्रिक्सचा, म्हणजे आकड्यांवरून आर्थिक नाती तपासायचा, प्रकल्प होता. मी हौसेने पुण्यातल्या दुधाचे वीस वर्षांचे दर जमवले आणि निफ्टीसमोर ठेवून रिग्रेशन चालवलं, म्हणजे एकावरून दुसरा किती सांगता येतो ते मोजलं. आर-स्क्वेअर (एक आला की तंतोतंत जुळणी) ०.९ च्या वर! मला वाटलं आता नोबेलच. बाईंनी कागद बघितला आणि एवढंच विचारलं, "डर्बिन-वॉटसन किती आहे?" तो आकडा दोनच्या आसपास हवा, माझा शून्याच्या शेजारी होता, म्हणजे नातं खोटं असल्याची शंका. "आता दर सोडा, वर्षाचे टक्क्यांतले बदल घ्या आणि परत चालवा." चालवलं. सगळं नातं विरघळलं. दूधही चढत होतं, निफ्टीही चढत होता, दोघांची ओळखही नव्हती. चढत्या दोन गोष्टी शेजारी उभ्या केल्या की त्या भावंडं दिसतात, हे ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्येच लिहून ठेवलंय, आणि तरी व्हॉट्सअ‍ॅपवर रोज असे दोन आलेख मला कुणीतरी पाठवतंच.

दुसरी फजिती त्याच वर्षीची. एका शेअरचे रोजचे लॉग रिटर्न (आजचा भाव भागिले कालचा, त्याचा लॉगॅरिदम) काढत होतो. एका दिवशी आकडा आला वजा १६१ टक्के. शंभर रुपयांतले एकशे एकसष्ट बुडाले म्हणजे नक्की काय झालं? रात्री दोनपर्यंत कोड तपासला. शेवटी कळलं की त्या दिवशी शेअरचं विभाजन झालं होतं, एकाचे पाच. १५०० चा भाव ३०० झाला, कुणाचा एक पैसाही गेला नव्हता, आणि ०.२ चा लॉग वजा १.६१ येतो. दुरुस्त केलेले भाव घ्यायचे असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं होतं आणि मी चहाला गेलो होतो.

बाकी आर किंवा पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषांपैकी एक तरी नीट यायला हवं. एक्सेलवर दोन वर्षं काढता येत नाहीत.

---

बुल_अँड_भेळ | सोमवार, सकाळी ८:०५

तीनशून्य, लिहिलंय भारी. पण मुद्दा तोच राहतो. नोबेलवाल्यांनी स्वतः फंड काढला होता ना, त्याचं काय झालं ते पण सांगा की.

---

तीनशून्य | सोमवार, दुपारी १:१०

सांगतो, डबा खाता खाता. फंडाचं नाव एलटीसीएम. ऑप्शनच्या किमतीचं सूत्र काढणारे मर्टन आणि शोल्स दोघेही त्यात होते, १९९७ मध्ये नोबेल मिळालं आणि १९९८ च्या सप्टेंबरात फंड बुडायला आला. चौदा वित्तसंस्थांनी मिळून ३६० कोटी डॉलरच्या वर ओतले तेव्हा प्रकरण आवरलं. कारण काय? भांडवल थोडं, कर्ज डोंगराएवढं, आणि एरवी वेगवेगळे हलणारे बाजार रशियाने कर्ज थकवल्यावर एकाच दिशेने पळाले. हे आम्हाला अभ्यासक्रमातच होतं. लपवून ठेवत नाहीत कुणी.

पण दादा, दुसरी बाजूही मांडा. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा २०२४ चा अहवाल आहे : तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. त्यांच्यापैकी मोजक्यांनीच सीएपीएम वाचलं असेल, तेव्हा दोष तिच्यावर ढकलता येणार नाही.

ऑप्शनचं निघालंच आहे तर एक गंमत. शेअर आज १०० ला आहे. महिन्याने एकतर १२० होईल किंवा ९०, तिसरं काही नाही. व्याज शून्य धरा. १०० ला विकत घ्यायचा हक्क, म्हणजे कॉल ऑप्शन, कितीला पडावा?

---

बुल_अँड_भेळ | सोमवार, दुपारी १:३२

वर जायची शक्यता किती ते सांगा, मग सांगतो.

---

तीनशून्य | सोमवार, दुपारी १:५०

तिथेच तर मजा आहे. शक्यता लागतच नाही.

दोन शेअर घ्या, २०० रुपये. त्यातले १८० उसने घ्या, खिशातले २० घाला. भाव १२० झाला तर शेअरचे २४०, उसने फेडले, हातात ६०. भाव ९० झाला तर १८० आले, १८० फेडले, हातात शून्य. आता तीन ऑप्शन घेतले असते तर? वर गेला की प्रत्येकी २० म्हणजे ६०, खाली गेला की शून्य. तंतोतंत तेच. म्हणून तीन ऑप्शनची किंमत २०, एकाची ६ रुपये ६७ पैसे. कुणी ९ ला विकत असेल तर त्याला विकू द्या, तुम्ही तीन ऑप्शनइतकी ही जोडणी घरी २० रुपयांत करा.

ब्लॅक, शोल्स आणि मर्टन यांनी १९७३ मध्ये हेच केलं, फक्त महिन्याऐवजी क्षणाक्षणाला आणि दोन भावांऐवजी अगणित भावांवर. त्याला कॅल्क्युलस लागतं. कल्पना एवढीच.

---

बुल_अँड_भेळ | सोमवार, दुपारी २:१४

थांबा, वहीत करून बघतो.

---

बुल_अँड_भेळ | सोमवार, दुपारी २:४१

च्यायला.

---

मांजराकाठचा | सोमवार, रात्री ८:३०

लातूरहून. आमच्याकडे सोयाबीन हाच शेअर बाजार. २० डिसेंबर २०२१ ला सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे वर्षभरासाठी बंद केले, मग मुदतवाढीवर मुदतवाढ. त्याआधी आडतीवर बसलेली माणसं मोबाइलवर वायदा बघून बोलायची, पुढच्या महिन्याचा भाव असा आहे, आज विकू की थांबू. ते एकदम अंधारलं.

माझ्या पुतणीने एमएच्या प्रबंधाला हाच विषय घेतला होता, वायदे थांबल्यावर लातूर आणि इंदूरचे भाव एकमेकांपासून सुटले का. उत्तर काय आलं ते नीट सांगता येणार नाही, तिचं कोइंटिग्रेशन माझ्या डोक्यावरून गेलं. पण ती आठवडाभर बाजार समितीत बसून जुने भाव उतरवून घेत होती आणि आडते तिला चहा पाजत होते. धागाकर्तीने इचलकरंजीचं सूत घेतलं तर घरातच माहितीचं कोठार आहे.

बंदीने महागाई आटोक्यात येते की नाही, हा वेगळा धागा होईल. माझं मत, थर्मामीटर फोडून ताप उतरत नाही. पण तिकडे नको जाऊया.

---

निवृत्त_कॅशियर | मंगळवार, सकाळी ६:५०

मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही, ३४ वर्षं कॅश काउंटरला काढली. एक आठवण लिहितो, विषयाला धरून आहे की नाही ते तुम्ही ठरवा.

आमच्या तालुक्याच्या गावी एकदा आवई उठली की बँक बुडाली. बँक ठणठणीत होती. पण सकाळी दहाला बघतो तर रांग रस्त्यापर्यंत. रांगेत आमचा दूधवालाही. मी त्याला म्हटलं, "अरे, तुला ठाऊक आहे बँक चांगली आहे." तो म्हणाला, "साहेब, मला ठाऊक आहे. पण ह्या सगळ्यांना ठाऊक नाही. हे सगळे घेऊन गेले तर मला काय उरणार?" साहेबांनी जिल्ह्याच्या शाखेतून जीपने रोकड मागवली आणि मला सांगितलं, गड्ड्या तिजोरीत ठेवू नको, काउंटरवर काचेमागे रच, लोकांना दिसू देत. मी रचल्या. तीनपर्यंत रांग पांगली. काही जणांनी तर सकाळी काढलेले पैसे परत भरले आणि मला दुसऱ्यांदा मोजायला लावले!

---

तीनशून्य | मंगळवार, सकाळी ९:१५

काका, तुमच्या दूधवाल्याचं वाक्य म्हणजे डायमंड आणि डिबविग या अर्थशास्त्रज्ञांचा १९८३ चा अख्खा शोधनिबंध आहे. २०२२ चं नोबेल त्यांना बर्नान्कींबरोबर मिळालं. बँक चांगली असूनही रांगेत उभं राहणं शहाणपणाचं ठरतं, कारण बाकीचे उभे आहेत. त्यावर त्यांनी दाखवलेला उपाय ठेवींचा विमा. आपल्याकडे १९६० मध्ये लक्ष्मी बँक आणि पलई सेंट्रल बँक बुडाल्यावर तो कायदा आला आणि १९६२ पासून विमा सुरू झाला, तेव्हा संरक्षण फक्त १५०० रुपयांचं होतं. पुढे वाढत एक लाखावर आलं आणि तिथे १९९३ पासून अडकून बसलं. अडचणीत आलेल्या पीएमसी बँकेच्या खातेदारांना २०१९ मध्ये सुरुवातीला जेमतेम एक हजार रुपये काढायची मुभा होती, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंच. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये संरक्षण पाच लाख झालं.

सुताची_गाठ, बघ. बँकिंगच्या पेपरात हे समीकरणांत येईल. तेव्हा काकांच्या काचेमागच्या गड्ड्या आठव.

---

ग्लासगोचा_पाऊस | मंगळवार, दुपारी ४:२२

परदेशाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. मी इकडे ब्रिटनमध्ये हाच मास्टर्स केला. एक वर्षाचा म्हणतात, पण शिकवणं सप्टेंबर ते एप्रिल, मग परीक्षा, मग उन्हाळाभर प्रबंध. नोकरीचे अर्ज ऑक्टोबरात सुरू होतात, तेव्हा तुम्हाला घरातला हीटर कसा लावायचा तेही कळलेलं नसतं. शिक्षणानंतरचा व्हिसा दोन वर्षांचा होता, तो १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना अठरा महिन्यांचाच मिळणार. घरावर कर्ज काढून यायचं असेल तर हे गणित आधी. मी आलो, जमलं. माझ्या भाड्याच्या घरात आम्ही चौघे विद्यार्थी होतो, दोघे वर्षभरात परत गेले. कमी हुशार नव्हते.

---

फाईल_क्रमांक_७ | मंगळवार, रात्री ९:०३

सरकारी बाजू मी लिहितो. कुणीही सांगत नाही असा एक खड्डा आहे : पदवीचं नाव. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला यूपीएससीच्या जाहिरातीत अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यावसायिक अर्थशास्त्र, अर्थमिती अशी नावं घालून दिलेली असतात. फायनान्शियल इकॉनॉमिक्स असं प्रमाणपत्रावर असेल तर चालेल का, हे प्रवेश घेण्याआधी जुन्या जाहिराती काढून तपासा आणि संस्थेला लेखी विचारा. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागाच्या ग्रेड बी भरतीचंही तसंच, तिथली यादी वेगळी असते. माझ्या ओळखीचा एक मुलगा मुलाखतीपर्यंत पोचला आणि कागदपत्रांत अडकला.

संस्था : पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट, १९३० ची, तिथे एमएस्सीला हा विषय आहे. चेन्नईत मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, शिवाय हैदराबाद विद्यापीठ, तिकडे एमए. गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये काढलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, ती एमएस्सी इकॉनॉमिक्स देते, फायनान्स पर्यायी पेपरांतून घेता येतं. गणिताची अट प्रत्येकाची वेगळी. बारावीचं गणित मागतात का ते एसपीवाल्यांनी पहिल्यांदा बघावं.

अवांतर : वडिलांना सांगा, गोखले इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ हेच प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष. वर्गातून उठून थेट कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीपाशी.

---

सुताची_गाठ | शुक्रवार, रात्री १०:३६

सगळ्यांचे खूप खूप आभार. चार दिवस गायब होते, कारण धागा पप्पांना वाचून दाखवत होते. हप्त्याहप्त्याने.

गाडगीळांचं ऐकून म्हणाले, "कारखाना चालवला काय? मग बरोबर आहे." काकांची रांग त्यांना दोनदा ऐकायची होती. मग मी विचारलं, पप्पा, तुम्ही कापसाचा वायदा घेऊन भाव बांधून का ठेवत नाही? त्यांनी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच मला पूर्ण उत्तर दिलं. म्हणाले, वायदा कापसाचा, माझा माल सूत. कापूस पडला तरी सूत लगेच पडत नाही, आणि उलट झालं तर दोन्हीकडून मार. दुसरं म्हणजे भाव पडला की यंत्रमागवाला ठरलेल्या भावाने माल उचलतच नाही, म्हणतो पुढच्या आठवड्यात बघू. "माझा धोका भावाचा कमी, माणसाचा जास्त. त्याचा वायदा कुठल्या एक्स्चेंजला मिळतो ते विचार तुझ्या लोकांना."

विचारते. मिळतो का?

---

तीनशून्य | शुक्रवार, रात्री ११:०८

पप्पांनी पहिल्या मुद्द्यात बेसिस रिस्क सांगितली आणि दुसऱ्यात काउंटरपार्टी रिस्क. आम्हाला या दोन गोष्टींना एक सेमिस्टर लागलं. एक्स्चेंजवर क्लिअरिंग कॉर्पोरेशन दोघांच्या मधे उभं राहून मार्जिन, म्हणजे आगाऊ अनामत, घेतं ते नेमकं "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणता येऊ नये म्हणून. सुताच्या उधारीला तसा मधला माणूस नाही. तो धोका तुझे पप्पा किमतीत धरतातच. कुणाला किलोमागे किती जास्त लावतात आणि का, ते वहीत बघ. तिथून प्रबंध सुरू होईल.

---

सुताची_गाठ | शनिवार, सकाळी १०:१९

वही द्यायला तयार नाहीत. "ती मी गेल्यावर," म्हणाले. आईने डोळे वटारले. मग म्हणाले, आधी फॉर्म भर, मग बघू.

फॉर्म भरतेय, पुण्याचाही आणि हैदराबादचाही. शेजारच्या मुलीकडून बारावी कॉमर्सच्या गणिताचं पुस्तक आणलंय, मॅट्रिक्सच्या धड्यापासून सुरुवात केली. काल रात्री पाच गणितं सोडवली, दोन बरोबर आली. तिसऱ्याचं उत्तर मागे दिलंय त्याच्याशी काही केल्या जुळत नाही. वहीचा फोटो टाकला तर बघाल का कुणी?

---

तीनशून्य | शनिवार, सकाळी १०:२५

टाक. त्याआधी गुणाकाराचा क्रम बघ. ए गुणिले बी आणि बी गुणिले ए एक नसतात.

---

सुताची_गाठ | शनिवार, सकाळी १०:४४

उलटा केला होता. आलं.

---

बुल_अँड_भेळ | शनिवार, सकाळी ११:०२

पुस्तकाचं नाव सांगा ना ताई. मला पण पाहिजे.